कोट न घालणारा माणूस

माझ्याजवळ एक कोट आहे. 'आहे' म्हणायचं एवढंच. १९७७ साली लग्नात सासऱ्यांनी शिवून दिला, तेव्हापासून तो ट्रंकेत आणि मी बाहेर, असे आमचे संबंध आहेत. मुंबईच्या हवेत कोट घालणारा माणूस एक तर नवरदेव असतो, नाही तर वकील, नाही तर मुलाखतीला निघालेला बेकार. यांतलं पहिलं मी एकदाच झालो, दुसरं होण्याइतकी बुद्धी नव्हती आणि तिसरं फार दिवस राहायच्या आत सुदैवाने एका ऑफिसात चिकटलो. तेव्हा कोटाविषयी अधिकारवाणीने बोलण्याचा मला काही हक्क नाही. तरीसुद्धा गेले दोन महिने मी कोटाचाच विचार करतो आहे, आणि तोही दुसऱ्याच्या.

न्यूयॉर्कच्या ऐन हिवाळ्यात एक देखणा तरुण कोट न घालता रस्त्यावर येतो. कोट नाही असं नाही, आहे. पण तिथल्या बड्या हॉटेलांत शिरलं की ओव्हरकोट काढून दारातल्या काउंटरवर द्यावा लागतो आणि परत घेताना तिथल्या मुलीच्या हातावर टिप ठेवावी लागते. एका रात्रीत पाच हॉटेलं हिंडायची म्हणजे पाच टिपा. त्यापेक्षा कुडकुडलेलं परवडलं!

हा हिशेब ज्याला पहिल्या फटक्यात कळतो तो मध्यमवर्गीय. मला कळला होता.

त्या तरुणाचं नाव सिडनी फाल्को. 'स्वीट स्मेल ऑफ सक्सेस' या १९५७ सालच्या अमेरिकन चित्रपटाचा तो नायक. नायक म्हणजे काय, पडद्यावर जास्तीत जास्त वेळ तोच दिसतो म्हणून नायक म्हणायचं. गुणांवर उतरायचं म्हटलं तर चित्रपट बिननायकाचाच ठरेल. चित्रपटाच्या नावाचं मराठी करायला मी एकदा बसलो होतो. 'यशाचा गोड वास'. पण मराठीत वासाची मोठी पंचाईत आहे. सुवास झाला, सुगंध झाला, दरवळ झाला, ही सगळी चांगल्या घरची माणसं. नुसता 'वास येतोय' म्हटलं की माणूस आधी स्वतःच्या चपलेचा तळ बघतो. गंमत अशी की इंग्रजीतही हीच अडचण आली होती. मूळ कथा अर्नेस्ट लेमनची. ती १९५० साली 'कॉस्मोपॉलिटन' मासिकात आली, तेव्हा संपादकांना शीर्षकातला 'स्मेल' काही केल्या पचेना. शेवटी ती 'टेल मी अबाउट इट टुमॉरो' अशा निर्गंध नावाने छापली गेली. चित्रपट निघाला तेव्हा मात्र वास परत आला.

मला हा चित्रपट पहिल्यांदा दाखवला माझ्या एका मित्राने. त्याचं नाव मी इथे सांगणार नाही. का सांगणार नाही ते पुढे येईलच. आम्ही एकाच ऑफिसात, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसत होतो. मधल्या फायलींच्या ढिगावरून त्याचं कपाळ आणि मला वाटतं माझं टक्कल, एवढंच एकमेकांना दिसायचं. त्याला दोन व्यसनं होती, एक विड्या ओढायचं आणि दुसरं फिल्म सोसायटीचं. पहिलं त्याने स्वतःपुरतं ठेवलं. दुसऱ्यात मला ओढलं. १९७९ च्या एका शनिवारी संध्याकाळी, "चल, टोनी कर्टिसचा आहे," म्हणून पाहुण्याच्या पासावर तो मला घेऊन गेला. मी टोनी कर्टिसला त्याआधी बायकांचे कपडे घालून पळताना पाहिलं होतं आणि पोट धरधरून हसलो होतो. तसलंच काही असेल म्हणून गेलो. हॉलमध्ये पंखे बंद, कारण पंख्याच्या आवाजात संवाद ऐकू येत नाहीत. खुर्च्या घडीच्या. प्रोजेक्टर आमच्या डोक्यामागेच घरघरत होता. आणि समोर तासदीड तास एकाही माणसाला हसू फुटू नये असं काळंकुट्ट न्यूयॉर्क.

या जातीच्या चित्रपटांना फ्रेंच समीक्षकांनी 'नॉयर' म्हणजे काळा असं नाव दिलं आहे. काळा चित्रपट म्हटला की एखादा खून हवा, एखादी विषकन्या हवी, निदान पिस्तूल तरी हवं. इथे यातलं काही नाही. संबंध चित्रपटात एक माणूस मरत नाही. शस्त्र म्हणाल तर दोनच, टेलिफोन आणि वर्तमानपत्रातल्या चार ओळी.

सिडनी फाल्को हा प्रेस एजंट आहे. म्हणजे गवयांची, नटांची, हॉटेलवाल्यांची नावं वर्तमानपत्रातल्या गाजलेल्या सदरांत छापून आणायची आणि त्याबद्दल त्यांच्याकडून पैसे घ्यायचे, हा त्याचा धंदा. ऑफिसच्या दारावर नावाची पाटी आहे ती पुठ्ठ्याची, चिकटवलेली. आतल्या खोलीत त्याची कॉट. ऑफिस आणि घर यांच्यामध्ये फक्त एक दार. आणि गावातलं सगळ्यांत मोठं सदर आहे जे. जे. हन्सेकर नावाच्या माणसाचं. कोट्यवधी लोक ते वाचतात. त्यात नाव आलं की माणूस तरतो, वाकडं आलं की बुडतो. सेनेटरसुद्धा त्याला वचकून असतात. या हन्सेकरसाहेबांनी गेले काही दिवस सिडनीची एकही ओळ छापलेली नाही, कारण त्यांनी सांगितलेलं एक काम सिडनीने केलेलं नाही.

काम काय? तर साहेबांची एक धाकटी बहीण आहे, सुझी, वय एकोणीस. जाझच्या एका वाद्यवृंदात गिटार वाजवणाऱ्या स्टीव्ह नावाच्या सरळ मुलावर तिचं प्रेम बसलंय. ते मोडायचं. साहेबांना बायको नाही, मूल नाही, मित्र नाही. टेबलावर फोटो आहे तो बहिणीचा. सगळं शहर ज्याच्या मुठीत आहे त्याला घरात एकच माणूस आहे, आणि तेही त्याने मुठीतच धरलंय. ती मुलगी अंगावर फरचा कोट घालून हिंडते, पण चेहरा असा की या मुलीला आज कुणी जेवायला तरी घातलंय की नाही असं वाटावं.

हॉटेलातला प्रवेश मी विसरणं शक्य नाही. साहेब टेबलाशी बसलेत, शेजारी टेलिफोन, समोर एक सेनेटर, एक होतकरू गायिका आणि तिचा एजंट. सिडनीला बस म्हणायला कुणी तयार नाही. तो स्वतःच एक खुर्ची ओढतो आणि बसतो, पण टेबलाशी नाही. साहेबांच्या खांद्यामागे, पंगतीत आगंतुकाला बसवतात तसा. साहेब आवाज न चढवता त्या तिघांचीही सालटी काढतात. मग वळूनही न बघता सिगारेट वर करतात. म्हणजे सिडनीने ती पेटवायची. सिडनी म्हणतो, आत्ता नाही.

इथे माझा मित्र अंधारात माझ्या कानाशी कुजबुजला, "बघ, नाही म्हणाला. पण काडेपेटी खिशात आहे हां त्याच्या."

आणि खरंच होती. पुढे सगळ्या चित्रपटभर तो ती पेटवतच असतो. स्टीव्हबद्दल खोटी बातमी छापून आणायची, तो गांजा ओढतो आणि कम्युनिस्ट आहे, अशी. त्यासाठी एका दुसऱ्या सदरवाल्याला वश करायचं, आणि त्याच्या बदल्यात सिगारेटी विकणारी एक गरीब मुलगी, जी केवळ ओळखीवर विसंबून सिडनीकडे आलेली आहे, तिला त्या माणसाच्या हवाली करायची. हे सगळं करताना सिडनीच्या चेहऱ्यावर दुष्टपणा नाही. घाई आहे. आठ-वीसची लोकल चुकेल की काय अशी घाई. टोनी कर्टिसने हे जे काही केलंय त्याला तोड नाही. हा माणूस न्यूयॉर्कच्याच एका शिंप्याचा मुलगा, मूळ नाव बर्नार्ड श्वार्ट्झ. शिंप्याच्या पोराने कोट घरी ठेवून हिंडायचं म्हणजे काय, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नसेल. त्याच्या चाहत्यांना मात्र आपला लाडका बाळ्या असा पाहवला नाही. चित्रपट साफ पडला. यशाचा वास नावात घेऊन आलेला चित्रपट अपयशी ठरला, आणि १९९३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय फिल्म नोंदवहीत त्याचं नाव गेलं. छत्तीस वर्षांनी. आमच्या ऑफिसात थकबाकी साधारण एवढ्याच वेळात मिळायची.

दिग्दर्शक अलेक्झांडर मॅकेंड्रिक. याने आधी इंग्लंडमध्ये 'द लेडीकिलर्स'सारखे झकास विनोदी चित्रपट केलेले. विनोदी माणूस गंभीर झाला की फार भयंकर होतो, एवढंच मी म्हणेन. साहेबांचं काम केलंय बर्ट लँकेस्टरने. मूळचा सर्कशीत कसरती करणारा हा धिप्पाड गडी इथे जागचा हलत नाही. नुसता चष्मा लावून बसतो. कॅमेरामन जेम्स वाँग हाव याने दिवा असा वर लावलाय की चष्म्याच्या काड्यांची सावली गालांवर पडते आणि तोंडाची कवटी दिसायला लागते. असंही सांगतात की दिग्दर्शकाने त्या भिंगांना थोडं व्हॅसलिन फासायला लावलं होतं, म्हणजे लँकेस्टरला समोरचा माणूस धड दिसूच नये. पुढे मला ज्या साहेबांच्या हाताखाली काम करावं लागलं त्यांना व्हॅसलिनशिवायच हे साधलं होतं.

बाहेर पडलो तेव्हा पावसाची भुरभुर होती. छत्री दोघांत एक, मित्राची. स्टेशनपर्यंत तो बोलला नाही. मग विडी पेटवता पेटवता म्हणाला, "तो कोट बघितलास? स्वतःचा घातला नाही त्याने. आणि गांजा ठेवला तो दुसऱ्याच्या कोटाच्या खिशात."

माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं. चित्रपटाच्या शेवटाकडे साहेबांचं मन निव्वळ ताटातुटीने भरत नाही, कारण त्या पोराने तोंडावर उत्तर दिलेलं असतं. तेव्हा ते सिडनीला म्हणतात की मी बहिणीला घेऊन तीन महिने बाहेर जातो, तोवर सदर तू लिही. मात्र त्या गिटारवाल्याचा कायमचा बंदोबस्त कर. आणि सिडनी जाऊन स्टीव्हच्या ओव्हरकोटाच्या खिशात गांजाच्या सिगारेटी सरकवतो. बाहेर साहेबांच्या मर्जीतला पोलीस अधिकारी दबा धरून असतोच.

"पाच टिपा वाचवणाऱ्याला तीन महिन्यांची खुर्ची म्हणजे..." असं काहीतरी मित्र म्हणाला आणि गाडी आली.

आता खुर्चीकडे वळायला हवं. माझ्या.

१९८३ साली आमच्या ऑफिसच्या स्नेहसंमेलनात एक फार्स झाला. त्यातला साहेब टेलिफोनवर वरच्या साहेबाशी बोलताना उभा राहतो, हळूहळू वाकत जातो आणि शेवटी टेबलाखाली जाऊन "येस सर" म्हणतो. हॉल कोसळला. पहिल्या रांगेत बसलेले आमचे साहेबही हसले, पण वरच्या दातांनीच. कार्यक्रमपत्रिकेवर लेखकाचं नाव होतं 'एक हितचिंतक'. हा हितचिंतक कोण, हे ऑफिसात एकट्या मला माहीत होतं. फायलींच्या ढिगापलीकडच्या कपाळामागे ते लिहिलं जात असताना मी रोज एकेक पान वाचून हसत होतो. टेबलाखाली जायची कल्पना तर माझीच.

चौथ्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. बसा म्हणाले. हेच मुळात विपरीत होतं. मग चहा आला, कपबशीतून, आणि बशीत दोन बिस्किटं. त्या ऑफिसात अकरा वर्षांत मी चहा ग्लासातूनच प्यायलो होतो. साहेब म्हणाले, "परवाचं नाटक मोठं छान होतं हो. लेखणीत जोर आहे. कोण आहेत हे हितचिंतक? कौतुक करावं म्हणतो."

कौतुक करावं म्हणतो! आता सांगा, कौतुक करणाऱ्याला नाव सांगणं हा काय गुन्हा आहे? मित्राचं भलं व्हावं असं मित्राला नाही तर कुणाला वाटणार? मी नाव सांगितलं. चांगलं ठसठशीत, आडनावासकट. साहेब "असं का!" म्हणाले आणि समोरच्या कागदावर त्यांनी काही लिहिलं नाही. मी उठलो. आणि दाराशी पोचल्यावर वळून म्हणालो, "साहेब, मी सांगितलं असं मात्र बोलू नका."

हे वाक्य माझं मीच म्हटलं. कुणी म्हणायला लावलं नाही. पुढे चाळीस वर्षं मी मनातल्या मनात माझ्या वकिलाला उभा करून पाहिला. तो छान बोलतो, कौतुकाचा मुद्दा मांडतो, साहेबांचे शब्द जसेच्या तसे वाचून दाखवतो, आणि या वाक्यापाशी येऊन खाली बसतो.

तीन महिन्यांनी मित्राची बदली झाली. अशा गावी, की तिथे जायला आधी रेल्वे, मग एसटी, मग दुसरी एसटी. आणि त्या दिवाळीच्या आत मी हेडक्लार्क झालो. स्वतंत्र टेबल, बेल, आणि खुर्चीच्या पाठीवर टॉवेल. सरकारी-निमसरकारी जगात टॉवेलाचा अर्थ काय तो ज्याला कळतो त्याला वेगळं सांगायला नको. मी रोज सकाळी तो नीट पसरून बसायचो आणि समोर कपाळ दिसायचं नाही. निरोपसमारंभात मित्राने हसतमुखाने नारळ घेतला, मला मिठी मारली, विड्यांचा वास आला. "पत्र टाक," म्हणाला. पहिली दोन वर्षं त्याची पत्रं आली. काय उत्तर लिहावं हे सुचेपर्यंत ती यायची थांबली.

नंतर चित्रपट मी टाळलाच. तशी माझी काही अडचण झाली नाही, हा चित्रपट काही कुठे रोज लागत नव्हता. पण यंदा पावसाळ्यात मुलाने त्याचा जुना मोठा टीव्ही आमच्या खोलीत आणून बसवला, त्यात जगातलं सगळं दिसतं म्हणे. तो यादी चाळत होता आणि एकदम ते नाव आलं. मी काही बोलायच्या आत ही म्हणाली, "हा लावा. नाव छान आहे. स्वैपाकाबद्दल आहे का?"

लावला. घरात पंखा चालू, प्रोजेक्टर नाही, घरघर नाही, चहा हातात. आणि सुरू होऊन फार वेळ झाला नसेल तोच ही म्हणाली, "अहो, एवढ्या थंडीत हा कोट का घालत नाही?"

"टिप वाचवतोय," मी म्हटलं.

"अगदी तुमच्यासारखा," ही म्हणाली. हिला बिचारीला एवढंच म्हणायचं होतं की मी कॅन्टीनमध्ये नेहमी शेवटी पोचायचो, म्हणजे चहाचे पैसे आधीच कुणीतरी दिलेले असायचे. लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाल्यावर बायकोच्या बोलण्यात नेम नसतो, पण लागतं बरोबर.

या खेपेला मला एक प्रसंग नव्याने दिसला. ती खोटी बातमी छापून आणायला सिडनी आधी एका वेगळ्याच सदरवाल्याकडे जातो. हॉटेलात तो आपल्या बायकोसोबत बसलेला आहे. सिडनीला त्याचं एक लफडं ठाऊक असतं. बायकोसमोरच तो सूचक बोलून त्याला कोंडीत धरतो. म्हणजे छाप, नाही तर बोलतो. तो माणूस क्षणभर घुटमळतो. आणि मग बायकोकडे वळून स्वतःच सगळं सांगून टाकतो. सिडनीच्या हातातलं पान फुकट! आणि ती बायको रडत नाही, ओरडत नाही. इतक्या वर्षांत तुम्ही एवढी एकच स्वच्छ गोष्ट केलीत, अशा अर्थाचं काहीतरी म्हणते. सगळ्या चित्रपटात दोन माणसांमध्ये उजेड पडतो तो एवढाच. १९७९ साली मी तो प्रसंग नुसता पाहिला होता. आता माझ्याही शेजारी बायको बसली होती, वाटाणे सोलत.

मी टीव्ही थांबवायला गेलो, बटण सापडेना, आवाजच वाढला. शेवटी त्या गोंगाटातच सांगितलं. फार्स, कपबशी, बिस्किटं, नाव, दाराशी मागे वळणं. सगळं.

हिने वाटाण्यांची परात बाजूला ठेवली. थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आणि ती बिस्किटं खाल्लीत?"

"एक खाल्लं."

"कसं गेलं हो घशाखाली?"

मी गप्प. ही म्हणाली, "टॉवेल धुवायला घरी आणायचात. मला तेव्हा किती कौतुक होतं त्या टॉवेलाचं." आणि पुन्हा वाटाणे सोलायला लागली. चित्रपट चालूच होता.

शेवट आम्ही दोघांनी पाहिला. साहेबांच्या उंच घरात मुलगी गच्चीच्या कठड्याशी पोचते. जीव देणारच असते, तिला ओढून घेतो तो सिडनी. चित्रपटभर त्याने केलेलं हे एकमेव चांगलं काम. नेमके तेव्हाच साहेब येतात आणि भलतंच समजून त्याला झोडपतात. मग सगळं बाहेर येतं, कुणी कुणाला काय करायला सांगितलं ते. साहेब त्याच टेलिफोनवरून त्याच पोलिसाला कळवतात की गांजा सिडनीनेच ठेवला. खोटं काही नाही त्यात, अगदी खरी माहिती. बहीण भावाला सांगते की मला तुझा रागही येत नाही, कीव येते. आणि निघून जाते. खाली उजाडत असतं. कोट न घातलेला सिडनी पोलिसांच्या हातात सापडतो आणि वर तो माणूस एवढ्या मोठ्या घरात एकटा उभा.

रात्री झोप लागेना म्हणून मी या चित्रपटाबद्दल मिळेल ते वाचत बसलो. हन्सेकर ज्याच्यावरून बेतला तो वॉल्टर विंचेल, खराखुरा सदरवाला. याने खरोखरच आपल्या मुलीचं प्रेमप्रकरण मोडायला सत्ता वापरली होती. १९६३ साली त्याचं न्यूयॉर्कमधलं वर्तमानपत्र बंद पडलं, मग हळूहळू त्याच्या टेलिफोनची घंटाही. १९७२ मध्ये तो गेला तेव्हा अंत्यविधीला एकटी ती मुलगीच होती म्हणतात. पण मला जास्त लागलं ते दुसरंच. लेमन आजारी पडल्यावर पटकथा पुरी केली ती नाटककार क्लिफर्ड ओडेट्सने. चित्रीकरण चालू आणि हा तिथेच टाइपरायटरवर पुढचे संवाद बडवतोय, अशी अवस्था. तीसच्या दशकात गरिबांच्या बाजूने नाटकं लिहून गाजलेला हा माणूस. १९५२ साली त्याला सरकारी समितीपुढे बोलावलं, तुमच्याबरोबर कम्युनिस्ट कोण कोण होते, विचारलं. आणि त्याने नावं सांगितली. त्यानंतर पाचच वर्षांत, एका खोट्या 'कम्युनिस्ट' शिक्क्याने एका पोराचं आयुष्य उधळल्याची ही गोष्ट त्याने लिहिली. त्याला कपबशीतून चहा दिला होता की नाही, हे कुठे लिहिलेलं नाही.

सकाळी ही म्हणाली, "नंबर शोधा."

नंबर शोधायला तीन आठवडे लागले. तीन आठवडे म्हणजे दोन दिवस शोधण्यात आणि बाकीचे तो खिशात घेऊन हिंडण्यात. शेवटी एका दुपारी हिने फोन लावून माझ्या हातात दिला. मित्र आता नाशिकला असतो. आवाज तोच, विड्या सुटलेला. मी नाव सांगितलं. पलीकडे एक क्षण शांतता. आणि मग, "अरे! कोट नसलेला माणूस!"

"म्हणजे?"

"तो सिनेमा रे! त्या पावसात गेलो होतो तो. मी अजून सांगतो पोरांना."

मग चाळीस मिनिटं तो बोलत होता. त्या आडगावी गेल्यावर तिथल्या शाळेतल्या एका मास्तरीणबाईंशी ओळख झाली, लग्न झालं. तिथेच त्याने फिल्म सोसायटी काढली, पडदा म्हणून सासूबाईंचं पांढरं लुगडं. दोन मुली, एक इथे, एक कॅनडात. तिथे बदली झाली नसती तर आपण विड्या ओढून खोकत त्याच टेबलावर मेलो असतो, असं तो म्हणाला. मी मधे तीनदा "अरे, मला एक सांगायचंय" म्हटलं. तिसऱ्यांदा तो थांबला.

"फार्सचं ना?"

मी काही बोललो नाही.

"मला जायच्या आधीच माहीत होतं. साहेबांनीच सांगितलं. म्हणाले, तुमच्या मित्रांनी तुमचं फार कौतुक केलं."

"मग मिठी कशाला मारलीस?"

"काय करू, तू टेबलाखाली शिरल्यासारखा दिसत होतास." तो हसला. मग जरा थांबून म्हणाला, "पत्राला उत्तर नाही दिलंस, ते मात्र लागलं हां. दोन वर्षं वाट बघत होतो."

यावर काय बोलायचं ते मला चाळीस वर्षांपूर्वी सुचलं नव्हतं, आताही सुचलं नाही. ही समोर उभी राहून खुणा करत होती, बोला, बोला. मी म्हटलं, "येऊ का एकदा?"

"ये की! डिसेंबरात ये. पण नाशिकला तेव्हा कडाक्याची थंडी असते. कोट घालून ये. आमच्याकडे टिप द्यावी लागत नाही."

संध्याकाळी हिने ट्रंक उघडली. कोट निघाला. बाह्या ठीक आहेत, बटणं मात्र पोटापाशी एकमेकांना भेटायला तयार नाहीत, आणि डांबराच्या गोळ्यांचा वास असा की शेजारच्या वहिनी डोकावून गेल्या. मी तो अंगावर चढवून आरशासमोर उभा राहिलो. "काढा तो आणि गच्चीत टाका," ही म्हणाली, "डिसेंबरपर्यंत जाईल थोडा."